केळ्याचे चौऱ्याहत्तर ठोके

"बाबा! तुजां काळीज ह्या केळ्याक कित्याक बांधलंस?"

मुलीचा हा आवाज पार्सेच्या डोंगरावरून सुटला तो थेट तेरेखोलच्या किल्ल्यावर आपटून परत आला. तिकडे फोटो काढणारे पर्यटक हात खाली करून उभे राहिले, असं मला नंतर एकाने सांगितलं. कोणी सांगितलं ते आठवत नाही, पण माणूस खात्रीचा होता.

मी तेव्हा पोटरीभर काजूच्या बोंडवांत उभा होतो. खोपीत, ज्या वाशाला मी मोयऱ्याच्या केळ्यांचा घड पिकायला टांगला होता, तिथे ती उभी. घडातलं सगळ्यात दांडगं केळं तिने हातात धरलेलं. त्या केळ्याला पट्ट्याने आवळलेलं माझं घड्याळ, आणि घड्याळाच्या पोटाखालून हिरवा उजेड लुकलुकतोय. केळ्याचे ठोके चौऱ्याहत्तर. तब्येत उत्तम.

हे असं का झालं ते मी सांगतो. ऐकल्यावर तुम्हीही म्हणाल की माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने दोन केळी लावली असती.

गेल्या पावसाळ्यात माझ्या काळजाच्या एका नळीत डॉक्टरांनी स्प्रिंग बसवली. माझं काळीज मोठं, त्यामुळे ती त्यांना शोधूनशोधून बसवावी लागली असणार. घरी सोडताना म्हापशाचे डॉक्टर म्हणाले, चाला, काम करा, पण ठोके एकशे वीसच्या वर जाऊ देऊ नका. मी मान डोलावली. मुलीने मात्र ते वाक्य काळजावर कोरून घेतलं. तिच्या काळजावर, माझ्या नव्हे.

ती डिचोलीला दिलेली. नोकरी तिथेच, एका कचेरीत. काजूचा हंगाम तोंडावर आला तशी ती एक घड्याळ घेऊन आली. खेळाडू घालतात तसलं. पाठीला हिरवे दिवे. ते दिवे कातडीतून आत डोकावतात, रक्ताची लाट आली-गेली की उजेडात फरक पडतो, तो फरक मोजून घड्याळ ठोके सांगतं. आणि घड्याळाला दिसलेला आकडा माझ्या फोनातून उडी मारून तिच्या फोनात जातो. म्हणजे ती डिचोलीत खुर्चीवर बसून पार्सेतलं माझं काळीज वाचणार.

"ह्या हातातसून काडूचां नाय," ती म्हणाली. "आणि एकशे वीसचे वर तीनदा गेलां, तर डोंगर पावणीक."

पावणी म्हणजे लिलाव. डोंगर हंगामापुरता दुसऱ्याला द्यायचा, तो पिकअप घेऊन येणार, बोंडू भरून नेणार आणि कुठल्याशा यंत्रात घालून पिळणार. मी बायकोकडे बघितलं. ती पावाचे उंडे कापत होती. "माका त्यात घालू नकात," ती म्हणाली. "मी दोघांकय जेवण वाढतंय."

आता डोंगर म्हणजे काय ते सांगायला हवं. डोंगर आहे चार उड्यांचा, पण त्यावर एक कोळंबी आहे. खायची नव्हे. खडकातच खोदलेलं कुंड, त्यात बोंडू टाकून पायांनी तुडवायचे, खालच्या पन्हळीतून नीरो, म्हणजे रस, वाहतो तो मातीच्या भाणात आंबवायचा आणि मग भट्टी लावून हुर्राक, काजूची पहिली दारू, काढायचा. आमच्या कोळंबीत माझ्या आजोबांचे पाय पडले, बापाचे पडले आणि माझे इतके पडले की खडकात दोन खळगे झालेत. आमचा बोंडू माझ्या पायाखाली आल्याशिवाय स्वतःला बोंडू म्हणवून घेत नाही. तीस वर्षं मी वीज खात्यात मीटर वाचत हिंडलो, पण दर हंगामात रजा टाकून कोळंबीत उतरलो. यंत्राचा नीरो मी चाखला आहे. त्याला चव असते, पण ओळख नसते.

तेव्हा पणाला काय लागलं होतं ते लक्षात आलं असेल. तीन चुका, आणि कोळंबी कोरडी.

पहिल्या दिवशी मी घड्याळ घालून उतरलो. माझ्यासमोर आमचा भट्टीवाला. बेळगावकडचा गडी, सात-आठ हंगाम माझ्याकडे येतो, अंगाने काठीसारखा, पण पायात दोन रेड्यांचं बळ. कोळंबीवर आडवा बांबू बांधलेला असतो, तो दोघांनी दोन बाजूंनी धरायचा आणि एका तालात तुडवायचं. ताल चुकला तर दोघेही बोंडवांत लोळतात. पाच मिनिटं झाली असतील नसतील, खिशातला फोन किंचाळला.

"बाबा! एकशे अडुसष्ट! खाली बस! बोंडवांतच बस!"

"अगो, माका काय होणा नाय."

"एकशे अडुसष्ट म्हणजे घोड्याचे ठोके!"

"घोडो पण बरोच आसता की."

बसलो. बोंडवांत बसणं काय असतं ते बसणाऱ्यालाच ठाऊक. मुंग्यांनी रात्रीपर्यंत माझी आरती केली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकशे सहासष्ट. पुन्हा किंचाळी, दोन झाले. पण आता मी मीटर वाचणारा माणूस आहे हे विसरू नका. मीटर चुकीचा पळतोय हे मी भिंतीपलीकडून ओळखायचो. अंगात धाप नाही, छातीत कळ नाही, मी आणि भट्टीवाला तुडवता तुडवता गावातल्या लग्नांचा हिशेब लावतोय आणि आकडा म्हणे घोड्याचा! मी खडकावर बसलो, गळ्याशी दोन बोटं लावली, भट्टीवाल्याला त्याच्या फोनवर मिनिट लावायला सांगितलं आणि मोजले. एकशे सहा. बसल्यावर घड्याळही शहाण्यासारखं खाली आलं, एकशे चार म्हणालं. बसलेल्या माणसाशी ते खोटं बोलत नाही, हे मी त्याच्या तोंडावर कबूल करतो. हंगामाआधीच्या तपासणीला म्हापशात डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावला तेव्हा चिमटा बहात्तर म्हणाला आणि घड्याळ एकाहत्तर. भावाभावांत इतका फरक असायचाच.

मग तुडवताना काय बिघडतं? मी घड्याळ काढून भट्टीवाल्याच्या मनगटावर चढवलं. त्याचा तो आवळलेला हात बांबूवर, आमचे पाय जुन्या तालात. तुडवता तुडवता त्याने मान वाकडी करून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मालक, माझं बी एकशे अडुसष्ट आलंय बगा. मी मरालोय काय?"

"पाय हळू कर."

त्याने हळू केले. आम्ही दोघं मिरवणुकीतल्या पालखीसारखे संथ डुलायला लागलो. आकडा घसरत घसरत शंभराच्या खाली. पुन्हा जोर केला, पुन्हा एकशे अडुसष्ट.

सापडला चोर! घड्याळ काळीज मोजतच नव्हतं. ते आमची पावलं मोजत होतं. पाय आपटला की अंग हलतं, अंग हललं की मनगट हलतं, मनगट हललं की ढिला पट्टा हलतो, आणि त्या हिरव्या दिव्याला एवढंच कळतं की काहीतरी ठरावीक वेळाने येतंय. मग ते रक्त आहे की बोंडवांतला पाय, ही चौकशी तो करत नाही. वरून मी बांबू असा आवळलेला की मनगटात रक्त पोचायलाच परवानगी लागावी. त्यात नीरोचा चिकटा. बिचारा दिवा बघणार काय?

मी विजयी स्वरात मुलीला फोन लावला. सगळं समजावलं. गळ्याची बोटं, संथ पावलं, भट्टीवाल्याचं एकशे अडुसष्ट. तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, पटलं.

"मगे त्याकय बसव," ती म्हणाली. "दोघांकय म्हापशाक ने."

आणि फोन ठेवला. भट्टीवाला त्या दिवशी माझ्याकडे मोठ्या आदराने बघत होता. आजवर त्याला कोणी इतकं आजारी समजलं नव्हतं.

आता हिशेब असा: दोन चुका संपल्या, एक उरली. आणि झाडाखाली बोंडवांचा सडा पडलेला. बोंडू थांबत नाही. आज उचलला नाही तर उद्या त्यावर माश्यांची जत्रा.

तिसऱ्या सकाळी मी घड्याळ धुतलं आणि सुकायला म्हणून खोपीतल्या घडात एका केळ्यावर अडकवलं. देवाशप्पथ, सुकायलाच. मोयऱ्याचं केळं हातभर, हे तुम्हाला ठाऊकच आहे, आणि आमच्याकडचं तर एवढं की त्याला कोपर असतं. पट्टा अगदी मापात बसला. मी पाण्याचा काचेचा कोप तोंडाला लावला आणि सहज घड्याळाकडे बघितलं.

चौऱ्याहत्तर.

मी कोप खाली ठेवला. केळ्याजवळ कान नेला. भट्टीवाल्याला हाक मारली. तोही आला, त्यानेही कान लावला.

"जित्तं हाय व्हय?" त्याने हळूच विचारलं.

"माझ्यापेक्षा बरां आसा."

म्हणजे त्या दिव्याला समोर काहीतरी चामडीसारखं मिळालं, वाशावरचा घड वाऱ्याने जरासा डुलला, आणि त्याने त्यातून ठोके शोधून काढले. काही नाही म्हणायची त्याला सवयच नाही. आमच्या गावात अशी माणसं आहेत. रस्ता विचारा, ठाऊक नसला तरी सांगतात.

मी घड्याळ तिथेच राहू दिलं.

पुढचे चार दिवस म्हणजे सोन्याचे. मी आणि भट्टीवाला असे तुडवत होतो की पन्हळीतून नीरो वाहत नव्हता, उसळत होता. खालच्या मळ्यातल्या बगळ्यांना चालताना झोल जायचे. आणि तिकडे डिचोलीत माझं काळीज शांत समुद्रासारखं. सकाळी बहात्तर, दुपारी चौऱ्याहत्तर, वारा सुटला तर शहात्तर. संध्याकाळी मुलगी फोन करायची. "बाबा, आज किती बरां वाटता माका! कचेरीत सगळ्यांक दाखयलंय. एक बाई म्हणता, माज्या सासऱ्याक पण सांग कसां करूचां ता."

"मन शांत ठेवूचां," मी म्हणायचो. "सावलेत टांगून ऱ्हवूचां."

इतका आनंद तिच्या आवाजात मी महिनोन्महिने ऐकला नव्हता. फोन ठेवल्यावर मी बायकोची नजर चुकवून जेवायचो, हेही लिहून टाकतो. पण सकाळ झाली की बोंडू हाका मारायचे.

पाचव्या दिवशी आम्ही दोघं ऐन रंगात होतो. डोंगराच्या वरच्या बाजूने एक टोपली बोंडू मी स्वतः डोक्यावर घेऊन आलो होतो आणि तसाच कोळंबीत उतरलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. मी तुडवता तुडवताच उचलला.

"बाबा, काय करतंस?"

"काय... नाय गो... बसलंय... हा... खोपीत... बसलंय."

"धापा टाकतंस?"

"छे... छे... कोण... मी?"

माझ्या धापा मात्र बोलत होत्या. मग तिचा आवाज आला, एकदम सपाट.

"हांगा चौऱ्याहत्तर दाखयता."

"मगे? बरां ना?"

फोन बंद. मी भट्टीवाल्याला म्हटलं, रेंज गेली. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी मीटरमध्ये काडी घातलेल्या गिऱ्हाइकाकडे बघायचो.

डिचोलीहून पार्सेला यायला लोकांना जेवढा वेळ लागतो, त्याच्या अर्ध्यात ती आली. चढण चढताना तिच्या चपलांचा आवाज येत होता तरी मी म्हणत होतो, गाय असेल. भट्टीवाला बांबू सोडून भट्टीच्या धुरात शिरला आणि आतून ओरडला, "ताई, माझा काय संबंध नाही, मी त्यातलं केळं खाल्लं बी नाही!" आणि मग तो आवाज झाला, ज्याने तेरेखोलचे पर्यटक थांबले.

मी बोंडवांतून बाहेर आलो. पायांना नीरो, अंगाला घाम. ती केळं सोडायला तयार नव्हती.

"तीस वर्षां तू मीटरात काडी घालणाऱ्यांक पकडलंस," ती म्हणाली. "घरी येवन आमका सांगायचंस, चोरी विजेची नसता, विश्वासाची असता. आणि आता?"

मी टाचेला चिकटलेला बोंडू सोडवायला वाकलो. मी कोणापुढे वाकलो, हा प्रसंग तालुक्याच्या इतिहासात नोंदवून ठेवायला हवा.

तिने खांद्यावरची पिशवी उघडली आणि आतून एक खोका काढला. "ह्यो मी पाच दिवसांआधी मागयलेलो. तू भट्टीवाल्याची गजाल सांगलंस ना, त्या दिसा."

खोक्यात काळा पट्टा होता, छातीला बांधायचा. फोन ठेवून दिल्यावर तिने म्हापशाच्या डॉक्टरांना विचारलं होतं आणि त्यांनी सांगितलं होतं की वडील बरोबर बोलतायत. हात गच्च धरलेला आणि अंग तालात हलणारं असेल तर मनगटावरचं घड्याळ पावलांच्या मागे धावू शकतं. छातीचा पट्टा काळजाची वीज ऐकतो, त्याला पावलांशी देणंघेणं नाही. म्हणजे मी तिकडे केळ्याला घड्याळ बांधत होतो तेव्हा इकडे तिने माझं म्हणणं खरं मानून पट्टा मागवला होता. आज तो घेऊन ती येणारच होती. मला चकित करायला.

चकित झालो.

"बांध," ती म्हणाली. "पाण्यान ओलो करून बांध. आणि उतर."

"आता?"

"आता. घड्याळ पण घाल. दोन्ही बघूया."

खरं सांगतो, पट्टा छातीवर गार लागला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा माझा माझ्यावरचा भरवसा एक पाऊल मागे सरला. गळ्याला बोटं लावून मी मोजलं होतं ते बसल्यावर. बसेपर्यंत ठोके खाली आलेच असतील की! तुडवताना खरंच किती असतात, ते मलाही ठाऊक नव्हतं. आणि विजेचं यंत्र. विजेपुढे मी काय बोलणार? पट्टा एकशे चाळीस म्हणाला असता तर कोळंबीला मीच पालापाचोळा भरला असता.

पण उतरलो. भट्टीवाला धुरातून बाहेर आला, बांबू धरला. ती काठावर बसली, हातात फोन. जुना ताल सुरू झाला.

"घड्याळ एकशे चौसष्ट," ती म्हणाली. "पट्टो अठ्ठ्याण्णव."

"बघ!"

"बोलू नको. तुडव."

घड्याळ एकशे सदुसष्ट. पट्टा एकशे सात. मग एकशे तेरा. घड्याळ आमच्या पायांशी फुगडी घालत होतं आणि पट्टा आपला एकेक पायरी चढत होता, म्हाताऱ्या भटासारखा. एकशे सोळा. एकशे सोळाच. एकशे अठरा. माझ्या छातीने आनंदाने उडी मारली असती, पण ती पट्ट्यात दिसली असती म्हणून दाबून धरली.

"अजून वाढव," मी भट्टीवाल्याला म्हटलं.

"गप रे मालक," तो दातांतून म्हणाला.

एकशे एकोणीस. एकशे वीस. एकशे एकवीस.

तिने हात वर केला. "भायर."

"एक ठोको गो! एका ठोक्यान काय डोंगर कोसळता?"

"किती मिनिटां झाली?"

भट्टीवाल्याने फोनात बघून सांगितलं, बारा.

मी बाहेर येऊन खडकावर बसलो. ती पट्ट्याचा आकडा बघत राहिली, तो खाली येईपर्यंत. एकशे दहा, एकशे एक, चौऱ्याण्णव. तो उतरत गेला तसा तिच्या कपाळावरचा आठ्यांचा डोंगरही उतरत गेला. मग ती उठली, खोपीत गेली, ते केळं घडातून पिळून काढलं आणि सोलून खाल्लं. माझं चार दिवसांचं काळीज तिने तीन घासांत संपवलं. साल भट्टीवाल्याकडे दिली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली.

"धा मिनिटां तुडवायचां," ती म्हणाली. "मगे शंभराच्या खाली येयसर बसायचां. मगे परत धा. डोंगर पावणीक नाय."

आता असा निकाल लागल्यावर माझ्यासारख्या माणसाने गप्प बसावं की नाही? पण जिंकलेला माणूस गप्प बसला तर जिंकल्याचं लोकांना कळणार कसं? मी पट्टा सोडला, घाम पुसला, एक पाय खडकावर ठेवला आणि म्हटलं, "घड्याळ खोटां, मी खरो. सगळां मान्य. पण तू डिचोलीत बसान तुका कळतलां कसां, पट्टो माझ्या छातीवर आसा काय केळीच्या खांब्याक?"

तिने पिशवी खांद्याला लावली.

"केळीक धाप लागत नाय," ती म्हणाली. "मी फोन करीन."